चारशे सायटेशन

फुलसावंगीच्या हॉटेलात चहा पिता पिता भगवानराव एवढंच म्हणाले होते, "आमच्या सुरभीचे चारशे सायटेशन झाले." पुढे काय होणार हे ठाऊक असतं, तर त्यांनी चहासोबत ते वाक्यही गिळून टाकलं असतं.

सुरभी त्यांची लेक. डॉक्टर, पण गोळ्या-इंजेक्शनची नव्हे. नागपूरला राहून ती संशोधन करायची. तोंडाचा कॅन्सर लवकर कसा ओळखावा, गावोगाव तपासणी केली तर किती माणसं वाचतात, हे सगळं ती इंग्रजीत लिहायची आणि जगभरातले डॉक्टर आपल्या लेखात तिचा दाखला द्यायचे. भगवानरावांना इंग्रजी येत नव्हतं, पण दाखला बरोबर कळत होता. समुद्रापलीकडचा माणूस आपल्या पोरीचं नाव घेतो, याहून मोठं काय असतं!

गंमत अशी, की ज्या पोरीच्या नावाने बापाचा ऊर भरून यायचा, तिच्यासमोर बाप तोंड उघडत नव्हता. उभा जन्म खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, खाण्यात गेलेला. आता ठेचा जिभेवर ठेवला की तोंडात आग पडायची आणि जांभईसुद्धा अर्धीच यायची. सुरभी सुटीत घरी आल्यापासून ते दुपट्ट्याआडून जेवत होते. तिने पाहिलं आणि नको ते सांगितलं, तर? त्यापेक्षा आग बरी, असा त्यांचा हिशोब होता.

रविवारी सकाळी अंगणातून कण्हण्याचा आवाज आला. शेजारचा रामधन पाय ओढत आत आला. त्याच्यामागे ही एवढी माणसं, सगळी कमरेत वाकलेली. बंजारा तांड्यावरची म्हातारी लालीबाई तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आडवी होऊन आली होती.

"मले पयला नंबर द्या, भाऊ," रामधन म्हणाला.

"कायचा नंबर?"

"सायटिकाचा! तुमीच तं सांगलं हाटेलात, पोरीनं चारशे सायटिका केले म्हनून."

"सायटिका नाही रे, सायटेशन! म्हंजे लोक तिचं नाव घेतात."

"मंग आमी काय शिव्या देऊन राह्यलो? नाव घेतच तं आलो!"

तेवढ्यात सुरभी बाहेर आली. गर्दी पाहून तिला हसू आवरेना.

"काका, कमरेचं मले काही येत नाही. त्याच्यासाठी पुसदच्या डॉक्टरकडे जा. पण एवढे आलेच आहात, तं तोंड दाखवून जा."

"कमरेचा रस्ता तोंडातून जाते काय?" रामधनने विचारलं.

"याडी ये! आई गं, भाकर तं तिथूनच जाते ना," लालीबाई ट्रॉलीतून म्हणाली आणि तिने सगळ्यांच्या आधी आ वासला.

सुरभीने मोबाइलचा टॉर्च आणि स्टीलचा चमचा घेतला. बाकीच्यांना तिने सांगितलं, "तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का पाहा. नाही गेली तं तोंड आखडून राह्यलं समजा." सारं अंगण तोंडात बोटं घालून बसलं. साहजिकच कण्हणं बंद पडलं. आपला सायटिका अर्धा उतरला, असं रामधनने तोंडातली बोटं काढून जाहीर केलं.

भगवानराव तेवढ्यात गोठ्यात सटकले होते.

"सगळ्यायचं झालं. घरधनी राह्यला," लालीबाई म्हणाली.

"ते कायले येतील?" सुरभीची आई विमलताई बोलून गेल्या. "दिवाळीपासून त्यायनं ठेचा सोडला. विचारलं तं आसिडिटी सांगतात."

सुरभीचं हसू मावळलं. ती गोठ्यात गेली. बैलाच्या आड भगवानराव तोंडात बोटं घालून उभे होते. दोन गेली होती. तिसरं जात नव्हतं.

"बाबा."

"दात कोरून राह्यलो होतो."

"बोटांनी?"

भगवानराव बैलाची पाठ खाजवू लागले.

"मी हाच विषय काहून घेतला, माहीत हाय?" सुरभी म्हणाली. "तुमी मले सायकलवर शाळेत सोडाले यायचे. तुमच्या सदऱ्याले खर्र्याचा वास यायचा. तवापासून मले भेव वाटते, बाबा. साऱ्या जगानं वाचलं. ज्याच्यासाठी लिवलं, त्यानंच नाही वाचलं."

भगवानरावांचे डोळे भरून आले. "मले इंग्रजी येत नाही ना, बेटा."

"तोंड तं उघडता येते ना?"

त्यांनी उघडलं, जेवढं उघडत होतं तेवढं. सुरभीने टॉर्च धरून दोन्ही गाल आतून पाहिले.

"चट्टा हाय. उद्या यवतमाळले जाऊ, तुकडा काढून तपासतील. वेळेवर सापडला, असं मले वाटते. पण खर्रा आजपासून बंद."

भगवानरावांनी मान हलवली. इतक्या महिन्यांची भीती आता दोघांत वाटली गेली होती आणि त्यांना एकदम हलकं वाटलं.

दोघं बाहेर आले, तर रामधनने सवयीने खर्र्याची पुडी पुढे केली. भगवानरावांनी हात जोडले.

"काहून, भाऊ?"

"डॉक्टर सुरभी म्हनते, खाऊ नये," भगवानराव अंगणभर ऐकू जाईल असं म्हणाले. "तिनं तसं लिवून ठेवलं हाय."

सुरभी ओट्यावर बसली. डोळे पुसत, हसत आईला म्हणाली, "आई, चारशे एक झाले."

विमलताईंनी कपाळाला हात लावला आणि फाटकाकडे पाहिलं.

"आता अजून कोन वाकून आलं वो?"