ओव्हर म्हणेपर्यंत

वादळाचा चौथा दिवस. शाळा बंद, आणि ठमी-गुंड्या या भावंडांनी मिळून सोफ्याचा एक पाय मोडलेला.

"म्युझियमला ने त्यांना," ऑफिसला निघताना नवरा म्हणाला. "डोक्यावर छप्पर आहे, तिकीट नाही."

"आणि तू?" आईने विचारलं.

"मला मीटिंग आहे," म्हणत तो इतक्या चपळाईने पळाला, की छत्री घरीच राहिली.

म्युझियममध्ये चिटपाखरू नव्हतं. शेवटच्या दालनात, दोरीपलीकडे, जुन्या काळचं एक घर मांडलं होतं: शिवणयंत्र, रेडिओ, टेबल आणि मेणाची माणसं. दिवा एकच, तोही मिणमिणता. रेडिओजवळ खुर्चीत बसलेल्या आजोबांचे काचेचे डोळे पाहून आईच्या अंगावर काटा आला. मुलांना कसलं काय! दोघं धावतच सुटली.

"बाई, आवरा यांना!" पहारेकरी दारातून खेकसला.

मुलं कुठल्या कोपऱ्यात आहेत हे न बघताच आईने आपलं हुकमी अस्त्र काढलं.

"स्टॅच्यू!"

स्वयंपाक सुखाने व्हावा म्हणून हा नियम तिनेच केला होता. आई 'ओव्हर' म्हणेपर्यंत हलायचं नाही, हाक आली तरी ओ द्यायची नाही. हलला तो हरला.

एकदम शांत झालं. चार दिवसांत पहिल्यांदाच. आई बाकावर टेकली. ती शांतता इतकी गोड लागली, की तिचे डोळे मिटले. उघडले तेव्हा वीस मिनिटं उलटली होती आणि मुलं कुठेच नव्हती.

"ठमे! गुंड्या!"

बाहेर वारा घोंघावत होता. आत तिचीच हाक फिरून तिच्याकडे आली. ती दाराकडे धावली.

"पाचला मी कुलूप लावतो हां," म्हणणारा पहारेकरी तिचा चेहरा बघून नरमला आणि बॅटरी घेऊन आला. दोरीपाशी उजेड थबकला.

"काका, या घरात माणसं किती?" आईने विचारलं.

"पाच. पण आजींचा पुतळा दुरुस्तीला गेलाय. म्हणजे चार." त्याने मोजायला सुरुवात केली आणि मध्येच बॅटरी आईच्या हातात दिली. "बाई, जरा तुम्ही मोजा."

"सात."

टेबलाखालच्या सातव्या माणसाच्या पायात ओले, निळे गमबूट होते.

"ओव्हर!" आई किंचाळली.

टेबलाखालून गुंड्या आणि पडद्याजवळून शाल पांघरलेली ठमी उसळून बाहेर आली. "मी जिंकलो! शिंकसुद्धा दाबली!"

मारावं की मुके घ्यावेत हे न कळून आईने दोन्ही केलं.

"सातातून दोन गेले..." पहारेकरी पुटपुटला. "पाच? पण आजी तर..."

शिवणयंत्रामागे बसलेल्या आजींनी सावकाश मान वळवली. पहारेकऱ्याने गुंड्याचा हात घट्ट धरला.

"झालं ना ओव्हर?" आजी म्हणाल्या. "मघापासून नाकाला खाज सुटलीय मेली."

"तु... तुम्ही कोण?"

"कोण म्हणजे? बाहेर वादळ, घरात तीन नातवंडं. जाऊ कुठे? चार दिवस दुपारची इथेच येऊन बसते. आज या पोरीने दम भरला, हललीस तर हरलीस!" त्या पहारेकऱ्याकडे वळल्या. "तुम्ही रोज पाठीवर फडकं मारता ना बाबा, फार बरं वाटतं."

"मी फडकं मारताना वर बघत नाही," पहारेकरी ओशाळून म्हणाला. "भीती वाटते."

सगळे हसत हसत दाराशी आले. पहारेकऱ्याने दिवा घालवला. ठमी मात्र मागे बघत होती.

"आई, पहिला नंबर त्या आजोबांचा. ते अजून खेळतायत."

"ते मेणाचे आहेत, बाळा."

"पण त्यांना तू ओव्हर कुठे म्हटलंस?"

आईने अंधारात पाहिलं. कुणाचं का लेकरू असेना, त्याला असं ताटकळत ठेवणं तिला बरं वाटेना.

"ओव्हर," ती हळूच म्हणाली.

आत रेडिओजवळची खुर्ची करकरली.

कुलूप लावायला पहारेकरी थांबला नाही.