हौशीरामचा तंबू आणि अंजनाचा ओटा

पिंपरी पेंढारच्या हौशीरामला जेवता जेवता एक प्रश्न पडला आणि घास हातातच राहिला. सून प्रतिभा टीव्हीवर नवाकोरा पिक्चर बघत होती. मध्येच तिनं तो थांबवला, चुलीवरचा भात उतरवला, परत चालू केला. हिरो बिचारा तोवर एक पाय हवेत धरून उभा!

"आसं घरातच मिळाल्यावर थेटरात कोण जाईल गं?" हौशीरामनं विचारलं.

"कुणीच न्हाई," त्याची बायको अंजना म्हणाली. "म्हनून म्हनते, माळ्यावरचा तुमचा तंबू काढा. आभाळ आलंय. कांद्यावर घालायला बरा पडंल."

तंबू म्हणजे हौशीरामचा जीव. जवानीत जत्रेजत्रेत तंबू ठोकून तो पिक्चर दाखवायचा. लोणीच्या जत्रेत म्हणे मुंगीला शिरायला जागा नसायची. (अंजना म्हणते, मुंग्याच तेवढ्या असायच्या.)

"शनवारी खळ्यात खेळ लावतो," तो तिरीमिरीत म्हणाला. "फुकट. तंबू भरला तर तंबू माझा. न्हाई भरला तर खुशाल घाल कांद्यावर!"

"प्रतिभा, ऐकलंस ना?" अंजना म्हणाली. साक्षीदार झाला.

शनिवारी घरामागच्या खळ्यात तंबू उभा राहिला. पुतण्या सुभाषनं प्रोजेक्टर आणला, पिक्चर प्रतिभाच्या मोबाईलमधला. पांढरा पडदा बांधला तंबूच्या उघड्या तोंडाशी, आणि पडद्यापलीकडं घराचा मागला ओटा.

दिवेलागणीला माणसं आली की हो! तंबू गच्च भरला. हौशीरामची छाती सदऱ्यात मावेना.

पण अंगातला थेटरवाला गप्प बसतोय होय? "मोबाईल बंद! बोलायचं न्हाई! मधी उठायचं न्हाई!" असं बजावून तो बॅटरी घेऊन दुसऱ्या टोकाच्या दारावर उभा राहिला, तोंड बाहेर करून. पूर्वी लोक कनात उचलून फुकट आत सरपटायचे. कितीकांना त्यानं तंगडीला धरून ओढलं होतं. (आज खेळच फुकट होता, पण सवय जाते का?)

आत म्हातारी कोंडाबाई शेजारणीला म्हणाली, "ह्यो कोन गं? मगाचाच का?"

हौशीराम गर्रकन वळला, बॅटरी थेट तिच्या तोंडावर. "शूऽऽ!"

सयाजी खोकला. "शूऽऽ!"

रामनाथ लघवीला उठला. "इंटरवलला!"

मग हळूहळू तंबूत अशी शांतता झाली की बास. याला म्हणतात थेटर, हौशीराम मनात म्हणाला. तेवढ्यात हशा पिकला. पण हसणं लांबून कसं येतंय? त्यानं वळून बॅटरी मारली. तंबूत एकटा जानकू, तोही घोरत. बाजूची कनात वर उचललेली. जन्मभर आत घुसणारे धरले. बाहेर सरपटणारे आजच पाहिले.

तो धावत ओट्याकडं गेला. अख्खी आळी तिथं! पडदा मागून दिसत होता, त्यामुळं हिरो डाव्या हातानं तलवार चालवत होता आणि पडद्याखालची अक्षरं उलटी पळत होती.

"मला कुठं वाचता येतंय? उलटं काय नि सुलटं काय!" कोंडाबाई भाजलेल्या शेंगा फोडत म्हणाली.

"प्रतिभा, मागं घे गं जरा, काय बोलला त्यो?" रामनाथ ओरडला. तिनं घेतलं. चौघांनी चार अर्थ सांगितले.

अंजनानं सूप पुढं केलं. "शेंगा घ्या. तंबू रिकामा झाला जनू? सकाळी कांद्यावर."

"आगं, मानसं तर आली ना!"

"आली की. माझ्या ओट्यावर."

हौशीराम मटकन पायरीवर बसला. राग होता, पण त्याहून कुतूहल मोठं. "रामनाथ, खरं सांग. घरी टीव्ही आसून आलाच कशाला रं?"

"घरी ज्याचा त्याचा मोबाईल, भाऊ. ह्यो कोन, त्यो कोन, इचारायचं कुनाला? चार मानसांत बसल्याबिगर पिक्चरला मजा न्हाई, राव."

हौशीरामचे डोळे चमकले. "मी तेच म्हनतोय! मग तंबूतच बसायचं की!"

रामनाथनं शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले.

"तिथं तुमी व्हता ना."