आत्याला व्हॅन आवडू नये म्हणून

आधीच सांगून टाकतो, माझ्या लिहिण्यात चुका सापडतील. ऱ्हस्व-दीर्घाशी माझं कधी जमलं नाही आणि मोठे शब्द मला येत नाहीत. शाळा मी लवकर सोडली. (शाळेनेही मला थांबवलं नाही.) खरं तर हे तोंडाने सांगायला हवं होतं, पण चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. म्हणून लिहितो. सांभाळून घ्या.

सुरुवात डुकरापासून झाली. डुक्कर आमचंच होतं. आमच्या बेटावरच्या कोलोवाई गावात, घराच्या अंगणात नीरफणसाचं झाड आहे, त्याच्या सावलीत ते दिवसभर पडलेलं असायचं. मी व्हॅन बाहेर काढायला आणि त्याने उठायला एकच गाठ पडली. डुक्कर अंग झटकून निघून गेलं. व्हॅनचा बंपर मात्र उभा तडकला.

व्हॅन जपानहून वापरून आलेली, पण अंगावरचा एकूण एक पार्ट ओरिजिनल होता. आमची कोनफळं आणि अळकुड्या बाजारात जायच्या त्या हिच्यातूनच. शिवाय आलिसीचे, म्हणजे माझ्या बायकोचे, दिवस भरत आले होते. आम्ही राहतो बेटाच्या एका टोकाला आणि हॉस्पिटल आहे शहरात. व्हॅन नसेल तर बाळ गावभर लटकणाऱ्या वटवाघळांच्या साक्षीने झाडाखाली होणार, या विचाराने मी आधीच अर्धा झालो होतो.

आलिसीने बजावून सांगितलं, "बंपर ओरिजिनलच घे. डुप्लिकेट घेतलास तर त्यात माझं बाळ बसणार नाही."

मी बरं म्हणालो आणि मोआलाच्या गॅरेजकडे निघालो. वाटेत सेमी काका भेटले. त्यांनी व्हॅनवरून असा हात फिरवला, जसा कुणी निघालेल्या पाहुण्याच्या पाठीवरून फिरवतो. म्हणाले, "शनिवारी तुझी लेसिएली आत्या येतेय ऑकलंडहून. आलिसीच्या बाळंतपणाला. मजबूत गाडी आहे रे तुझी, केलेपी. होती म्हणायची तयारी ठेव."



आमच्यात आत्या म्हणजे घरातलं शेवटचं न्यायालय. मानाने ती बापापेक्षा मोठी. भावाच्या घरातल्या एखाद्या वस्तूकडे बघून ती नुसतं "छान आहे" म्हणाली की ती वस्तू तिची झाली. वाद नाही, रुसवा नाही, वर हसून उचलून द्यायची. मागच्या खेपेला लेसिएली आत्या आमच्या बोटीच्या इंजिनाला छान म्हणाली आणि निघायच्या आधी ते चर्चच्या पाळकांना देऊन मोकळी झाली. बाबा अजून वल्ही मारतात. त्याच्या मागच्या खेपेला शिवणयंत्र. आत्या वाईट आहे असं नाही. ती फार प्रेमळ आहे. तिला फार गोष्टी छान वाटतात, एवढंच.

गॅरेजमध्ये मोआलाने बंपर बघितला आणि विचारलं, ओरिजिनल लावू की लोकल?

आणि माझ्या डोक्यात ती कल्पना आली. (मला कल्पना क्वचित येतात. आली की मी तिला सोडत नाही. तीही मला सोडत नाही.)

"लोकल," मी म्हणालो. "जेवढा वाईट असेल तेवढा."

मोआलाने कान खाजवला.

"आणि हेडलाइटही काढ. आरसे काढ. चाकांवरच्या झाकण्या काढ. सगळं लोकल लाव."

"ते फुटलेत का?"

"नाही."

"मग?"

मला कारण सांगता येईना. आत्याबद्दल परक्याजवळ वाकडं कसं बोलणार? मी जमिनीकडे बघत राहिलो. मोआलाने माझ्याकडे बघितलं, मग आलिसीच्या पोटाएवढा हवेत गोल काढला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याला वाटलं, बाळंतपणासाठी मी ओरिजिनल पार्ट विकायला काढलेत. म्हणाला, लाजू नकोस, मी कुणाजवळ बोलणार नाही. आणि माझ्यावर दया म्हणून, विकायला तेवढंच जास्त मिळावं म्हणून, त्याने मी न सांगितलेलेही दोन पार्ट बदलले: हॉर्न आणि सरकत्या दरवाजाचं लॉक.

संध्याकाळी व्हॅन मिळाली तेव्हा मलाच ती ओळखू येईना. बंपर निळा, आणि एका बाजूने लकवा मारल्यासारखा लोंबणारा. एक हेडलाइट पिवळा, तो झाडावरचे नारळ शोधत होता. दुसरा पांढरा, तो रस्त्यावरचे खेकडे. शिवाय डावीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजायचा आणि ब्रेक दाबला की दरवाजा सताड उघडायचा. मी मनात म्हटलं, हिला छान म्हणणारी आत्या अजून जन्माला यायचीय.

ओरिजिनल पार्ट मोआलाने नीट पोत्यात भरून दिले होते. आत्या गेली की ते परत बसवायचे, असा बेत. तोपर्यंत लपवायचे कुठे? परसात डुक्कर उकरणार, स्वयंपाकघरात आलिसी. मग आठवलं, आतल्या खोलीत आईने केलेलं सालीचं कापड होतं. झाडाची साल कुटून, रंगवून केलेलं, घडी घातली तरी पलंगाएवढं होणारं. त्याला कुणी हात लावत नाही. मी पार्ट एकेक करून त्याच्या घड्यांत सरकवले, वरून चटया रचल्या आणि शांत झोपलो. आलिसीला सांगितलं, डुकराने फार नुकसान केलं होतं, आणि ओरिजिनल माल बोटीने यायचाय.

"डुकराने हॉर्नपण फोडला?" तिने विचारलं.

मी म्हणालो, ते फार जोरात आलं होतं.

शनिवारी विमानतळावर गेलो. आत्या पुढे माझ्याशेजारी बसली. बाबा अगदी शेवटच्या बाकावर, कारण बहिणीसमोर भावाने नीट वागायचं असतं: आवाज चढवायचा नाही, थट्टा करायची नाही, तिच्या डोक्यावरून हात न्यायचा नाही. पहिल्याच ब्रेकला दरवाजा उघडला. बाबांना ओरडता येईना. ते मुकाट्याने मधल्या बाकावर सरकले आणि दोन्ही हातांनी दरवाजा धरून बसले, ते थेट कोलोवाई येईपर्यंत.

  डावीकडे वळलो, हॉर्न वाजला. रस्त्याकडेच्या बायकांनी आम्हाला हात केले. पुन्हा वळलो, पुन्हा वाजला. आत्या पर्स छातीशी धरून समोर बघत होती. मी जीव मुठीत धरून वाट बघत होतो की आता म्हणेल, आता म्हणेल. घर आलं. ती उतरली, लोंबणाऱ्या बंपरकडे तिने एकदा बघितलं आणि सुस्कारा टाकून आत गेली.

जिंकलो, मी मनात म्हणालो. व्हॅन वाचली.

संध्याकाळी सगळे आतल्या खोलीत जमले. काका होते, आई होती, बाबा उंबऱ्याबाहेर, आलिसी भिंतीला टेकून. आईने घसा साफ केला आणि आत्याला म्हणाली, तुमच्यासाठी थोडं काही ठेवलंय. आणि तिने चटया बाजूला सारल्या.

 आत्या बाळंतपणाला येते तेव्हा तिला काय देतात, हे आमच्या गावात डुकरालाही ठाऊक असतं. सालीचं कापड देतात. मी अख्ख्या घरात नेमकी तीच जागा शोधून काढली होती.

काका आणि आईने कापडाची टोकं धरून झटकलं. पहिल्यांदा हॉर्न बाहेर पडला. मग आरसा. मग चाकाची झाकणी घरंगळत आत्याच्या पायापाशी गेली, गोल गोल फिरली आणि फार वेळाने आडवी झाली. शेवटी कापडाच्या मधोमध दोन हेडलाइट उघडे पडले, आणि मला वाटलं ते दोघंही माझ्याकडेच बघताहेत.

 आत्याने एक हेडलाइट उचलला, खिडकीच्या उजेडात धरला, मागची बाजू फिरवून कंपनीची खूण बघितली.

"केलेपी, हे काय आहे?"

 मी खाली वाकून चाकाची झाकणी उचलली. तेव्हा आलिसी बोलली. (तिला तेवढ्यात सगळं कळलं होतं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.)

"कापडात आहे, म्हणजे तुमचंच आहे, आत्या," ती म्हणाली.

 रीतच तशी आहे. आणि आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या मुलाची, म्हणजे माझ्या आतेभावाची, तिकडे अगदी हीच व्हॅन होती. त्याच्या गाडीचे दिवे गेलेले, तिकडे ओरिजिनल घ्यायचे तर घर विकावं लागेल असं तो म्हणतो. ती काकांना फोनवर हे बोलली होती. काका मला सांगायला विसरले होते. आत्याला वाटलं, पोराने ऐकलं आणि स्वतःच्या गाडीचे डोळे काढून ठेवले.

"आणि मी वाटेत मनात तुला नावं ठेवत होते," ती म्हणाली. "कसली ही गाडी ठेवलीय म्हणून. अरे, मी म्हातारी व्हॅन घेऊन काय करू? ती विमानात बसते का?"

मग तिने पार्ट एकेक करून पुसले आणि प्रत्येकाला वेगळं छान म्हणाली.

झोपायच्या आधी आलिसी एकच वाक्य बोलली. "डुकराला बोल लावलास, आणि उद्या आपण त्यालाच खाणार."

रविवारी चर्चमध्ये पाळकांनी प्रार्थनेत माझं नाव घेतलं. ज्याने आत्यासाठी स्वतःचा उजेड दिला तो भाचा, असं काहीतरी. सगळ्यांनी वळून बघितलं. चर्चला जाताना आम्ही कमरेला चटई गुंडाळतो, मी तिची गाठ बघत बसलो. घरी येऊन भट्टीतलं डुक्कर खाल्लं. मी सगळ्यात लहान तुकडा घेतला.

जेवणं झाली आणि आलिसीला कळा सुरू झाल्या.

रविवारी आमच्याकडे काही चालू नसतं. गॅरेज बंद, दुकानं बंद, रस्ते रिकामे, अख्खं बेट जेवून झोपलेलं. ओरिजिनल लॉक आत्याच्या पेटीत तळाशी, आणि पेटी दोरीने बांधलेली. मागायची माझी छाती नव्हती. आलिसीला मधल्या बाकावर बसवलं, आत्या तिला धरून बसली. दरवाजा धरायला बाबा हवेत, पण बहिणीच्या डोक्यावरून हात कसा नेणार? म्हणून बाबा खाली, व्हॅनच्या फरशीवर आडवे झाले आणि तिथून त्यांनी दरवाजा धरला. त्यांची रविवारची कमरेची चटई धुळीने माखली.

त्या रस्त्याची भीती मी अजून विसरलो नाही. ब्रेक दाबावा तर दरवाजा बाबांना ओढून नेणार, न दाबावा तर कुणाचं तरी डुक्कर पुढे येणार. प्रत्येक डाव्या वळणाला हॉर्न झोपलेल्या गावांना उठवत होता. आलिसी ओरडायची, हॉर्न ओरडायचा, मी आतल्या आत ओरडायचो. शहराच्या तोंडाशी बंपर गळून पडला. मी थांबलो नाही. देवाला एवढंच म्हणत होतो, मला एक लॉक दे, मग आत्या माझं घर घेऊन गेली तरी चालेल.

हॉस्पिटलच्या फाटकात डावीकडेच वळायचं होतं. हॉर्न वाजला तो थांबेचना. कुणाला हाक मारायची वेळ आली नाही. दोन नर्स कानावर हात ठेवून बाहेर आल्या, मला नको ते बोलल्या आणि आलिसीला आत घेऊन गेल्या. दिवेलागणीला मुलगा झाला. दोघं सुखरूप होती. बाबा अंगणात बसून हाताची बोटं सरळ करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रस्त्याकडेचा बंपर उचलून आणला, दोरीने बांधला आणि आत्याला बाळ दाखवायला घेऊन गेलो.

आत्याने बाळाला उचललं. खिडकीपाशी नेलं. उजेडात धरलं. कान बघितले, बोटं बघितली, मग अलगद पालथं करून पाठ बघितली. अगदी हेडलाइट बघितला होता तसं.  आमच्यात भावाच्या घरातलं मूल आत्या वाढवायला नेते, त्यात नवल नाही. माझी चुलत बहीण अशीच ऑकलंडची झाली.

आत्या हसली. "छा..." ती म्हणू लागली.

"नाक बसकं आहे, आत्या," मी म्हणालो. एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात बोललो नव्हतो. "आणि रात्रभर रडतो. डोकं पण एका बाजूने चपटं आहे. पायही वाकडेच वाटतात मला."

पलंगावरून आलिसी माझ्याकडे बघत राहिली. शेजारच्या बाळंतिणीही बघत राहिल्या. आत्याने माझ्याकडे बघितलं, मग खिडकीतून खाली उभ्या असलेल्या व्हॅनकडे, मग परत माझ्याकडे. फार सावकाश बघितलं. मला वाटतं, तिला तेव्हा सगळं उमगलं, डुकरापासून सगळं.

तिने बाळ आलिसीच्या कुशीत ठेवलं.

"घाबरू नकोस," ती मला म्हणाली. "ओरिजिनल असता तर नेला असता. हा तर तुझाच डुप्लिकेट आहे."

मी "थँक्यू, आत्या" म्हणालो. (अगदी मनापासून म्हणालो.)