किर्स्तिनबाईंचे सोनअळंबे

काळी ओली माती वरदायिनी असो. शके सोळाशे ब्याण्णव, विकृती नाम संवत्सरे, उत्तरसमुद्राचे तीरी डिंगमार, म्हणजे डेन लोकांचे राज्य. तेथे तोर्किल वैद्य राजाचे पदरी वनस्पतींचे जाणते होते आणि त्यांस छंद अळंब्यांचा. रानोमाळ हिंडावे, उकिरडे उकरावे आणि पाटी भरोन घरी यावे. अळंबे सकाळी राजबिंडे, सांजेस चिखल, म्हणोन चित्र त्याच दिवशी काढणे प्राप्त. याकरितां मारेन नामे चितारीण ठेविली. मग काय! दोघांची डोकी दिवसभर एका पाटावर, आणि लग्नाची बायको किर्स्तिनबाई चुलीपाशी लोण्यासारख्या कढत बसल्या. एके दिवशी चितारीण बोलिली, "बाईसाहेब, कुंचले धुवावयास कढत पाणी मिळेल?" बाई बोलिल्या, "मिळेल हो. नवराही देऊं का धुवून?" चितारीण मान खाली घालोन रंग घोटीत राहिली, आणि वैद्यांस ऐकूच गेले नाही. त्यांचा जीव अळंब्याचे देठांत.

वनस्पतींचे जाणत्यांत चाल ऐसी की, जो प्रथम छापील त्याने ठेविले नाव जगाने चालवावे, मागाहून ठेविले ते रद्द. वैद्यांपाशी दोन अळंबी निनावी होती. एक सोनेरी, पोवळ्यागत फांद्या फुटलेले. दुजे ऐसे दुर्गंधी की माशांखेरीज कोणी जवळ न जावे. वैद्य म्हणाले, "सोनेरी मारेनचे नावे करू. तिचे श्रम फार." बाईंचे अंगाचा तिळपापड जाहला. ताट सरकवोन बोलिल्या, "उभा जन्म तुमच्या झग्याचे शेण मी धुतले, आणि सोने तिला? सोनेरी माझे नावे. तिला द्यावयाचेच तर ते घाणेरडे द्या. नाहीतर उद्यापासोन चूल बंद!" राजापुढे न वाकणारे वैद्य चुलीपुढे वाकले आणि ग्रंथ छापिला. मग बाईंनी शेजारणी बोलाविल्या आणि पान उघडोन दाखविले, "हे मी. आणि नाक धरा गं, ही ती!"

पुढे वैद्य देवाघरी गेले, बाईंस नातवंडे जाहली, आणि परमुलखाचा एक पंडित दारी येवोन बोलिला, "बाईसाहेब, सोनेरी अळंबे आमचेकडे तुमच्या ग्रंथाआधीच दुजे नावाने छापिले होते. तुमचे नाव खोडिले." बाईंनी पुसिले, "आणि ते घाणेरडे?" पंडित बोलिला, "त्यास अगोदर कोण हात लावितो? ते मारेनचेच, चंद्रसूर्य आहेत तोंवर." मग दर शरदांत ते बागेत उगवे, वास घरात शिरे, आणि नातवंडे ओरडत, "आजी, मारेन आली!"

सारांश, वैद्यांची कीर्ती ग्रंथांत राहिली, चितारणीची दुर्गंधांत राहिली, परंतु राहिली. बायांनो, जिचा मत्सर तिला शिवी द्यावी ती तोंडी द्यावी. छापून देऊ नये.