एकशे बत्तीस पत्रकं आणि एक खुनी

मारोतराव नगराळे यांनी वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी प्रसिद्ध व्हायचं ठरवलं, आणि तेही आठ दिवसांत!

हे ऐकून तुम्हाला काही वाटलं नसेल, कारण तुम्ही मारोतरावांना ओळखत नाही. पाहुण्यांकडे दुसरी पोळी मागण्यापेक्षा उपाशी उठणं पत्करणारा हा माणूस! एसटीत कंडक्टरला 'थांबवा' म्हणायचा धीर होत नाही म्हणून पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत येणारा! शाळेत तीस वर्षं कारकुनी केली. त्यात दोनदा हेडमास्तरांनी त्यांची गैरहजेरी लावली, तेव्हा ते समोरच्याच टेबलावर बसले होते. हजर आहे म्हणून सांगायचं कसं, या विचारात दोन्ही दिवस गेले!

निवृत्तीनंतर मारोतरावांनी पांढरकवड्यात, घराच्याच पुढच्या गाळ्यात, वाचनालय आणि बुक बाइंडिंगचं दुकान टाकलं होतं. पुस्तकं आठशे, सभासद अकरा. त्यातले दोन वारले होते आणि एकाची बदली झाली होती, पण नाव खोडायला मारोतरावांचा हात धजत नव्हता.

इकडे सून दीपा यवतमाळहून ब्यूटी पार्लरचा कोर्स करून आली. तिला गाळा हवा होता. कौसल्याबाईंनी, म्हणजे मारोतरावांच्या पत्नीने, निकाल दिला.

"एकतीस डिसेंबरपर्यंत पन्नास मेंबर करून दाखवा. जित्ते पायजे! झाले तं गाळा तुमचा. नाही तं पुस्तकं पलंगाखाली अन् आरसे भिंतीवर!"

"बाबा, पुस्तकं मी नीट गोणीत भरून देईन हं," दीपा मायेनं म्हणाली. मारोतरावांना वाटलं, आपल्यालाच गोणीत भरून वर सुतळीनं शिवताहेत.

म्हणून तर ते यवतमाळजवळच्या लोहाऱ्याला गेले! तिथल्या औद्योगिक वसाहतीत छोट्या धंदेवाल्यांसाठी एक दिवसाचं मोफत शिबिर होतं. टाय लावलेला एक वक्ता स्टेजवर या टोकापासून त्या टोकापर्यंत, गोठ्यातून सुटलेल्या गोऱ्ह्यासारखा धावत होता.

"तुम्हाला मागे कोण खेचतं? तुम्हीच! स्वतःबद्दलचे गैरसमज कागदावर लिहा!"

बाकीच्यांनी दोन-तीन लिहिले. मारोतरावांचा कागद दोन्ही बाजूंनी भरला. दुसरा मागायची लाज वाटली, म्हणून उरलेले गैरसमज त्यांनी नाश्त्याच्या पुठ्ठ्याच्या प्लेटवर लिहून काढले.

"आता प्रसिद्धीचं ध्येय ठरवा! त्याला आकडा पाहिजे! आकडा नसलेलं ध्येय म्हणजे नंबरप्लेट नसलेली गाडी! आणि भीती वाटली की छातीवर हात ठेवून तीनदा ओरडा, मी करू शकतो!"

सगळं सभागृह ओरडलं. मारोतरावांचे नुसते ओठ हलले. पण परतीच्या एसटीत त्यांच्या डोक्यात एक कल्पना चमकली, आणि ती इतकी मोठी होती की ते चक्क आपल्याच थांब्यावर उतरले!

ते साल होतं दोन हजार चार. व्यापाऱ्यांनी कापसाचे भाव पाडलेले, त्यामुळे जो तो सरकारी खरेदी केंद्राकडे निघालेला. केंद्राच्या फाटकापासून थेट हायवेपर्यंत कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागली होती. माणसं तीन-तीन दिवस रांगेत बसून! पत्ते खेळून कंटाळली, भांडून कंटाळली, झोपून कंटाळली. एवढी माणसं, एवढा रिकामा वेळ, आणि एकाच्याही हातात पुस्तक नाही!

मारोतरावांनी पत्रकं छापून आणली. 'रांगेत बसल्या बसल्या वाचा! नाममात्र दरात पुस्तके. हे पत्रक सोबत आणावे.' ध्येयाला आकडा हवा, म्हणून पावतीपुस्तकांवर क्रमांक उठवायच्या मशीननं प्रत्येक पत्रकावर त्यांनी खटाखट नंबर मारला. शेजारी वाचनालयाचा गोल जांभळा शिक्काही उठवला. पत्रक असं झकास दिसू लागलं, की त्यांना स्वतःलाच दोन हातांनी धरावंसं वाटलं.

तीस डिसेंबरला दुपारी इस्त्रीचा सफारी घालून, खांद्याला पिशवी लावून ते रांगेशी पोचले. फाटकाजवळ फारच गर्दी होती. तिच्यात घुसायची छाती होईना, म्हणून त्यांनी शेपटाकडून सुरुवात केली. सगळ्यात शेवटची बंडी देवीलाल राठोडची होती. बंजारा तांड्यावरून नुकताच येऊन तो बैल सोडत होता. मारोतरावांनी मान खाली घालून, एक शब्द न बोलता, एक नंबरचं पत्रक त्याच्या हातात ठेवलं आणि पुढच्या बंडीकडे सरकले.

आता नीट ऐका, कारण घात इथे झाला! 'टोकन वाटणार' अशी अफवा रांगेत तीन दिवस फिरत होती. आणि आज सफारीतला, चष्म्यातला, पिशवीवाला माणूस कुणाकडे न पाहता, कुणाशी न बोलता, शिक्का मारलेले नंबर वाटत चालला होता. दुसऱ्या कुणी पत्रकं वाटली असती तर तो हसला असता, दोन शब्द बोलला असता. न बोलता कागद कोण देतं? सरकारच!

मारोतराव एकशे बत्तीस नंबरचं पत्रक देऊन वळले. ते पत्रक मिळालं होतं फाटकाला नाक लावून उभ्या असलेल्या फुलचंदला. तीन दिवस आणि तीन रात्री त्यानं ती जागा राखली होती. त्यानं पत्रक पाहिलं, शिक्का पाहिला, आकडा पाहिला.

"ओ काकाजी! मी पयला, अन् मले एकशे बत्तीस?"

मारोतरावांना वाटलं, माणसाला हा आकडा कमी वाटत असावा. त्यांनी नम्रपणे एकशे तेहतीस पुढे केलं!

"अरे, हा तं आनखी मांगं ढकलून राह्यला!" फुलचंद किंचाळला.

तेवढ्यात शेपटाकडून आरोळी आली. "याडी ये! माय वो, माहा एक नंबर!" देवीलालनं बैल पुन्हा जुंपले होते आणि बंडी बांधावरून उडवत तो पुढे निघाला होता. त्याच्यामागे दोन नंबर, तीन नंबर, चार नंबर! फुलचंद हातात तुतारी घेऊन मारोतरावांकडे धावला. तुतारी म्हणजे बैलाला टोचायची काठी, वाजवायची नव्हे! मारोतराव पळाले ते नेमके देवीलालच्या बंडीसमोर.

"साहेब, पायी कायले चालता? बसा!" असं म्हणत देवीलालनं त्यांना काखेत धरून उचललं आणि कापसात फेकलं.

मारोतराव कमरेपर्यंत कापसात रुतले. आता साऱ्या रांगेला दिसत होतं ते असं, की टोकनवाले साहेब जातीनं एक नंबरच्या बंडीवर बसून मिरवणुकीनं फाटकाकडे निघाले आहेत! मधल्या नंबरवाल्यांनाही जोर चढला. जो तो आपल्या आकड्याच्या जागी जाऊ लागला. बैल बैलांत अडकले, बंड्या बंड्यांत अडकल्या, एक ट्रॅक्टर आडवा झाला आणि हायवेवर हैदराबादकडे जाणारे ट्रक भोंगे वाजवत उभे राहिले. एका मिनिटात तीन दिवसांच्या रांगेचा दहीपोहे कालवल्यासारखा काला झाला!

फाटक उघडून ग्रेडरसाहेब बाहेर आले. कापसाची प्रत ठरवायची आणि मोजणी चालवायची त्यांच्याच हातात.

"कोणी वाटले टोकन?"

एकशे बत्तीस बोटं एकाच दिशेला वळली. मारोतराव बंडीवर उभे राहिले. अंगभर कापूस, चष्म्यावर कापूस, मिशीत कापूस. चौकीदारानं नावं पुकारायचा हातभोंगा त्यांच्या तोंडाशी धरला. त्यांना लोहाऱ्याचा वक्ता आठवला. त्यांनी छातीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि जीव खाऊन ओरडले,

"मी करू शकतो! मी करू शकतो! मी करू शकतो!"

भोंग्यातून आवाज हायवेपर्यंत गेला. क्षणभर ट्रकसुद्धा गप्प झाले.

"करू शकता तं मोजा मंग कापूस!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"थे नाही! थे मले येत नाही!" मारोतराव गडबडले. "हे टोकन नोहे! वाचनालयाची जाहिरात आहे! पुस्तकं भेटतात माह्यापाशी!"

"पुस्तकं?" फुलचंदनं तुतारी उगारली. "मंग माहा नंबर कोन देईन आता? सारी रांग मोडली ना बाप्पा!"

आणि इथे मारोतरावांमधला तीस वर्षांचा कारकून जागा झाला. मोडलेली रांग पाहून त्यांचा जीव कळवळला होता. भोंगा त्यांनी चौकीदाराच्या हातून चक्क हिसकावला!

"मोडली नाही! मी शेपटाकडून वाटत आलो. तवा उलटं मोजा! एकशे बत्तीस पयला, एक नंबर शेवटी! जशी होती तशीच रांग लागते!"

शंभरभर माणसांनी मनातल्या मनात हिशेब केला. सगळ्यात आधी फुलचंदचा चेहरा उजळला.

"म्हंजे मी पयला! काकाजीनं तं पक्का नंबर लावून देल्ला! आता कोनी मधात घुसून दाखवा!"

"अन् मी?" देवीलालनं विचारलं.

"तू जिथं होता तिथं," फुलचंद म्हणाला. "फक्त आता शिक्क्यासकट!"

ग्रेडरसाहेबांनाही सुटल्यासारखं झालं. उद्या सकाळपासून याच नंबरांनी उलटी मोजणी, असं त्यांनी जाहीर केलं. फुलचंद बंडीवर चढून ओरडला, "मोजनं झालं का काकाजीचे मेंबर व्हा रे! कोन कोन होते?" भराभर हात वर झाले. मारोतरावांनी मोजले. बेचाळीस! अकरातले उरलेले आठ अधिक बेचाळीस, पन्नास! ते घरी चालत गेले की तरंगत, हे त्यांना आजही सांगता येत नाही.

एकतीस तारखेला सकाळी ते पुस्तकांची पिशवी घेऊन पुन्हा केंद्रावर हजर झाले. मोजणी धडाक्यात सुरू होती. ग्रेडरसाहेबांनी सहज पिशवीत हात घातला आणि एक जाडजूड रहस्यकथा उचलली. "पाहू तरी, काय वाटत फिरता ते!"

दुपारी बारापर्यंत काटा पंचेचाळीस नंबरवर आला आणि तिथेच थांबला. एक वाजला, दोन वाजले. फुलचंद मोकळा होऊनही गाववाल्यांसाठी थांबला होता. त्यानं खिडकीतून डोकावून पाहिलं आणि धावतच मारोतरावांकडे आला.

"काकाजी! साहेब वाचून राह्यले!"

"वाचून राह्यले?" मारोतरावांचा ऊर भरून आला. "कितव्या पानावर आले?"

"पान घाला चुलीत! कापूस मोजा म्हटलं तं 'थांब, आता दिवाणखान्यात कोनीतरी घुसलं' म्हंते! बंड्या उभ्या हायेत. मोजनं नाही तं मेंबर नाही! तुमचं पुस्तक वापस घ्या!"

मारोतराव आत गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या पुस्तकानं कुणाला इतकं धरून ठेवलं होतं, आणि नेमकं तेच त्यांना सोडवून आणायचं होतं!

"साहेब, पुस्तक..."

"शंभर पानं उरलीत!" साहेबांनी पुस्तक छातीशी धरलं. "किंवा खुनी कोण ते सांगा, आत्ता उठतो."

वाचकाला शेवट सांगायचा नाही, हे व्रत मारोतरावांनी तरुणपणापासून पाळलं होतं. कौसल्याबाईंनी विचारलं तरी सांगितलं नव्हतं! पण बाहेर सूर्य कलत होता, बैल हंबरत होते आणि घरी दीपा सुतळी शोधत होती. त्यांनी पुटपुटून सांगितलं.

"काय? ऐकू आलं नाही!"

ते आणखी जरा मोठ्यानं पुटपुटले.

"मारोतराव, बाहेर गोंगाट किती आहे! जरा जोरात बोला की!"

मारोतरावांनी डोळे मिटले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "वैद्यबुवा!"

ओरडले ते शेजारच्या टेबलावर पडलेल्या चौकीदाराच्या भोंग्यात, आणि त्याचं बटण चालू होतं!

लगेच शेपटाकडून देवीलालचा आवाज आला, "वैद्यानं काय केलं बे?"

साहेब मात्र शब्दाला जागले. पुस्तक मिटलं, काटा हलला आणि अंधार पडायच्या आत एक नंबरची बंडीही मोकळी झाली. दिवेलागणीला कौसल्याबाईंनी दार उघडलं तर दारात बेचाळीस माणसं! त्यांनी स्वतः वहीत नावं लिहून घेतली, शेवटच्या नावाखाली रेघ ओढली आणि म्हणाल्या, "दीपा, तुह्यासाठी समोरची खोली पाहू. बुड्यानं केलं वो बाई!"

मारोतराव आनंदानं पुस्तकं काढायला धावले. "कोनतं देऊ? हे घ्या, हे लय चांगलं!"

"याच्यात कोन मारते?" फुलचंदनं विचारलं.

"थे सांगत नसतात!"

"कायले? वैद्याचं तं सांगतलं! आधी माहीत असलं म्हंजे कसं आरामात वाचता येते. सांगा, मंग नेतो."

मागच्या एकेचाळीस जणांनी माना हलवल्या. मारोतरावांनी एकदा वहीतल्या पन्नासाव्या नावाकडे पाहिलं, एकदा कौसल्याबाईंकडे, आणि सांगायला सुरुवात केली.

तेव्हापासून ते दारात खुर्ची टाकून शेवट सांगत बसतात. पुस्तकं धडाधड जातात. घसा बसला की कौसल्याबाई गरम पाणी देतात आणि म्हणतात, "चाळीस वर्सं बोल्ले नाही, आता थांबत नाही!"

एकदा मात्र फजिती झाली. पंधरा दिवसांनी देवीलाल पुस्तक परत घेऊन आला. कुणी ऐकत नाही ना हे पाहत त्यानं ते उघडलं.

"काकाजी, तुमी सांगतलं खून भाच्यानं केला. अन् इथं तं मुनीम पकडला!"

मारोतरावांचे कान तापले. दोन पुस्तकांची गल्लत! खुर्चीसकट जमिनीत जावंसं वाटलं त्यांना. "चुकलं भाऊ, माह्याच..."

"तुमचं कायले चुकन!" देवीलाल समजुतीनं म्हणाला. "साऱ्या तांड्याले भाचाच सांगून ठेवला मी. तुमी तेवढं हे पुस्तक दुरुस्त करून ठेवा!"