विषय: होडी पाण्यात सोडणेबाबत

हंगाम सुरू झाला की होडीमालकाने नौका संवर्धन संस्थेच्या आवारात येऊन आपल्या होडीवरची ताडपत्री काढावी, अशी पद्धत आहे. मीही दरवर्षी काढतो. तळ घासतो, रंग देतो, पितळी कड्या चमकवतो, शेजाऱ्यांशी वाऱ्याच्या दिशेवर वाद घालतो आणि हंगाम संपला की ताडपत्री पुन्हा बांधतो. आमच्या सगळ्याच होड्यांचा जलप्रवास असा आवारातल्या लाकडी ठोकळ्यांवर, सुखरूप पार पडतो.

यंदा मात्र बायकोने घोळ घातला. लग्न ठरलं तेव्हा मी तिला होडीतून समोरच्या बेटावर न्यायचा शब्द दिला होता. आता आमच्या लेकीचंही लग्न होऊन गेलं. ब्रश धुताधुता ती म्हणाली, "अहो, रंग वाळल्यावर यंदा तरी पाण्यात जायचं ना? माझे गुडघे चालताहेत तोवर नेलंत तर बरं."

ती चेष्टा करत नव्हती. मला मनापासून वाईट वाटलं. तसाच उठून कचेरीत गेलो.

"होडी पाण्यात सोडायची आहे," मी व्यवस्थापकांना म्हणालो.

"पाण्यात?" त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "का? काही बिघडलंय का तिचं?"

"नाही हो. फिरायला जायचंय."

"मग गाडीने जा की, साहेब!"

नियमांत होडी झाकणे, उघडणे, घासणे आणि रंगवणे यांची चोख तरतूद होती. पाण्याचा उल्लेख फक्त आग विझवण्याच्या कलमात सापडला.

"निदान क्रेन तरी आहे ना?"

"आहे तर! पण तिला नुकताच रंग दिलाय. उचलताना ओरखडा उठला म्हणजे?"

"आणि क्रेनवाला?"

"तो क्रेनच्या देखभालीवर असतो. चालवायला वेळ कुठे मिळतो बिचाऱ्याला!"

संध्याकाळपर्यंत बातमी आवारभर झाली. शेजारी मला पाण्यात पाहू लागले; होडीला तिथे पाहायची मात्र कुणाचीच तयारी नव्हती. तातडीची सभा बोलावली गेली. सोनेरी दोरीची टोपी घालतात म्हणून ज्यांना सगळे कप्तान म्हणतात, ते उठले.

"आज हे जातील. उद्या आमच्या घरची माणसं विचारतील, तुम्ही का नाही जात? असल्या प्रकारांनी संसार बुडतात हो!"

"अहो, मी बायकोला शब्द दिलाय," मी म्हणालो.

"कधी?" चिटणीसांनी विचारलं.

"लग्नाच्या आधी."

"मग मुदत संपली असेल."

तरीही मी हटलो नाही. तेव्हा सभेने माझ्या भावनांचा आदर करून जलप्रवेश अभ्यास समिती नेमली आणि अध्यक्ष मलाच केलं. कप्तानांनी स्वतःच्या हाताने मला तसलीच टोपी घातली. टोपी डोक्यावर नीट बसली आणि मला प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूही दिसू लागल्या. भरती, ओहोटी, मासे, लोकांची मनं. उतावळेपणा करून चालणार नव्हतं.

"अभ्यास सुरू झालाय," मी बायकोला सांगितलं.

तिने टोपीकडे पाहिलं. ब्रश झटकून डब्यात ठेवला, हात पुसले, पर्स उचलली.

"करा तुम्ही अभ्यास," ती म्हणाली आणि धक्क्याकडे चालू लागली.

बेटावर जाणारी प्रवासी लाँच सुटली तेव्हा मी ठोकळ्यांवरच्या माझ्या होडीत उभा राहून हात हलवत होतो. ती पुढच्या बाकावर, बेटाकडे तोंड करून बसली होती. एकदाही मागे वळली नाही. पुढच्या लाँचने मागोमाग जावंसं वाटलं. पण त्याच वेळी समितीची बैठक होती, आणि अध्यक्षानेच दांडी मारणं बरं दिसत नाही.

काम जोरात चालू आहे. सध्या आम्ही पाणी ओलं असण्याच्या परिणामांवर आहोत. एक सदस्य कमी पडतो, म्हणून तुमचं नाव सुचवलंय. तुम्हीही कुणाला तरी 'यंदा नक्की' म्हणून ठेवलंच असेल. ते माणूस अजून वाट पाहत असेल, तर तुम्ही आमच्या कामाचे. सवडीने या, घाई नाही.