नानांचं कडवटपणाचं मशीन

आमचे शेजारी नाना शितोळे सकाळी फाटकाशी भेटले की राम राम करत नसत. ‘वहिनी, काल संसदेत कारलं!’ म्हणायचे, आणि वर खूश!

देवासच्या कारखान्यातून रिटायर झाल्यावर त्यांनी जुना कॉम्प्युटर घेतला. सायबर कॅफेतून खासदारांची भाषणं फ्लॉपीवर भरून आणायचे. विरोधकाला हाणलेले वाकडे शब्द कॉम्प्युटर शोधायचा आणि कोण कोणाचा किती वैरी ते सांगायचा. थोडं वैर म्हणजे काकडी, मग मेथी, मग कारलं. माप नानांचंच. ‘देखो भिया, मशीन कोणाचं मीठ खात नाही,’ हे पालुपद. भिया म्हणजे भाऊ, पण मला बाईमाणसालासुद्धा भिया! घरी माझी कणीक वाळायची, पण सुटका नाही.

एकदा हाक मारून त्यांनी मला कॉम्प्युटरवर दोन पुढारी दाखवले. एकमेकांविषयी एक वाईट शब्द नाही. ‘काकडीसुद्धा नाही! दिलजमाई झाली!’

‘कसली डोंबलाची दिलजमाई?’ मी म्हटलं. ‘एक बोलायला उठला की दुसरा बाहेर जातो. टीव्हीवर दिसतं की. तुमच्या मशीनला अबोला कुठून कळणार?’

नानांनी चष्मा काढून पुसला. मग हळूच म्हणाले, ‘आमचा बाळूही काही वाईट बोलत नाही.’

बाळू म्हणजे नानांचा धारला राहणारा धाकटा भाऊ. दोघं दोन पक्षांचे. एका निवडणुकीत बाळूचा उमेदवार पडला, तर नानांनी मुद्दाम धारला जाऊन त्याच्याच दारात पेढे वाटले. तेव्हापासून बोलणं बंद. भांडण नाही म्हणजे राग निवला, असं हा शहाणा माणूस इतकी वर्षं धरून बसला होता!

‘आत्ताच्या आत्ता फोन लावा,’ मी दरडावलं. नानांनी नंबर लावून फोनचा स्पीकर चालू केला.

भावजयीने उचलला. नानांनी ‘बाळू आहे का?’ विचारलं. ‘भाऊजी, यांना दिवाळीत लकवा झाला. वाचा गेली. समजतं सगळं.’

‘अगं सुमन, मला कळवायचं नाही?’

‘विचारलं होतं यांना. नको म्हणून मान हलवली.’ मग ती म्हणाली, ‘यांच्या हातात देते फोन. बोला.’

नानांनी घसा खाकरला. ‘बाळ्या, तुझा पक्ष चोरांचा! तुझा पुढारी पळपुटा!’

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

‘बोल ना रे. एक शिवी तरी दे, भिया...’ नानांनी हात फोनकडे नेला. आता हे फोन ठेवणार, तेवढ्यात सुमनचा घाईघाईचा आवाज आला.

‘भाऊजी, ठेवू नका. भांडा अजून. मी घ्यायला गेले तर हे फोन सोडत नाहीयेत.’